वाया गेलेल्या सीड्यांचं तोरण

आमच्या अमरावतीच्या घरात सीडी राईट होत असताना कुणी चालायचं नाही, असा नियम होता. मिक्सर लावायचा नाही, कूलर सुरू करायचा नाही, फ्रिजचं दार आपटायचं नाही आणि शक्यतो शिंकायचंही नाही. नियम अर्थात माझ्या नवऱ्याचा. तो एका संस्थेत कारकून आहे आणि मी प्राथमिक शाळेत शिकवते, पण तेव्हा गल्लीत त्याला कारकून म्हणून कुणी ओळखतच नव्हतं. कॉम्प्युटरचा एक क्लास त्यानं केला होता, घरी जुना का होईना पण कॉम्प्युटर होता आणि त्याला सीडीवर लिहिणारा ड्राइव्ह होता. एवढ्या भांडवलावर माणूस इंजिनिअर होतो, हे मला लग्नानंतर कळलं.

काहीही असो, ते सीडीवर चढवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. शेजाऱ्यांच्या मुलीच्या साखरपुड्याचे फोटो, माझ्या चौथीच्या वर्गाच्या प्रश्नपत्रिका, कुणाकुणाची भजनं. कॉम्प्युटरमध्ये आहे ते काही खरं नाही, सीडीवर चढलं की खरं, अशी त्याची श्रद्धा. राईट सुरू झालं की तो स्टुलावर बसून पडद्यावरची हिरवी पट्टी सरकताना बघत राही. पट्टी निम्म्यावर आली की मला हमखास जवसाच्या चटणीची आठवण व्हायची. मिक्सर घुर्र झाला की आमच्या लाइनीचं व्होल्टेज पडायचं, ड्राइव्ह खडखडायचा आणि समोरच्या खोलीतून आवाज यायचा, "गेली!"

"काय गेली?"

"सीडी गेली. तुले सांगतलं होतं न, आता मिक्सर लावू नोको म्हनून!"

"मंग जेवतानी ताटात सीडी वाढू काय?"

अशी गेलेली सीडी तो टाकून देत नसे. तिच्यावर जाड पेननं 'वाया' असं लिहायचा आणि ती एका प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवायचा. डबा भरला की माझे बाबा तो अकोल्याला घेऊन जायचे.

बाबा अकोल्यात लोटगाडीवर भाजी विकतात. चार चाकांची, हातानं ढकलायची गाडी, वर ताडपत्रीचं छत. भाजीवर पाखरं बसू नयेत म्हणून त्यांनी छताच्या कडेनं या सीड्या लटकवल्या होत्या. झेंडूचं तोरण ओवावं तसं माझ्या आईनंच त्या सुतळीत ओवून दिल्या. पाखरं किती बिचकली देव जाणे, मोकाट गाई तर अजिबात बिचकल्या नाहीत, पण उन्हात ती गाडी लांबूनच लखलख करायची. नवऱ्याला वाटे, आपल्या अपयशाची अशी भर रस्त्यात वरात निघते आहे. बाबा मात्र कौतुकानं गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्या जवाईबापूंनी केल्या साऱ्या."

सासरे-जावयाचं हे सूत जमलं ते एका धोंड्याच्या महिन्यापासून. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावतात, जेवू घालतात आणि अनारशांसारखी जाळीदार वस्तू तेहतीसच्या हिशेबानं वाण म्हणून देतात. त्या वर्षी आईचे अनारसे तुपात पडले की हसायचे. म्हणजे विरघळून त्यांचा भुगा व्हायचा. जावई ओसरीवर येऊन बसलेला आणि आत कढईत सगळे अनारसे खदाखदा हसताहेत. आई रडकुंडीला आली. बाबा कुणाला काही न बोलता बाजारात गेले आणि कोऱ्या सीड्यांचं पाकीट घेऊन आले. तेहतीस मोजून तांब्याच्या ताटात रचल्या, वर हळदकुंकू वाहिलं आणि ताट जावयापुढं केलं.

"हे काय हो बाबा?" मी म्हटलं.

"काहून? भोक हाये न त्याले? मंग झालं."

सोन्याच्या अंगठीनं झाला नसता एवढा माझा नवरा त्या ताटानं खूश झाला. परतीच्या बसमध्ये ते पाकीट त्यानं मांडीवर धरून आणलं. माझी पिशवी वर फळीवर.

त्या तेहतीस सीड्यांतूनच त्यानं त्याचं सगळ्यात मोठं काम काढलं. कॉम्प्युटर ज्या सिस्टिमवर चालतो ती सबंध सिस्टिम म्हणे सीडीवर चढवता येते, आणि मग मेलेला कॉम्प्युटरही त्या सीडीवरून उठून बसतो. फुकट मिळणारी अशी एक सिस्टिम त्यानं दोन दिवस इंटरनेटवरून उतरवून घेतली आणि ती फाइल जशीच्या तशी सीडीवर टाकली. कॉम्प्युटरनं त्या सीडीकडं ढुंकूनही पाहिलं नाही. दुसरी केली, तिसरी केली. पुढं कधीतरी त्याला कळलं की ती फाइल सीडीवर उलगडून टाकायची असते, त्याची वेगळी रीत असते. हा आपला अनारसे डब्यासकट कढईत सोडत होता. ते हसणार नाहीत तर काय करणार!

शेवटी एकदाची ती जमली. काळ्या पडद्यावर पांढरं अक्षर आलं, कोणतंही बटण दाबा. नवऱ्यानं मला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. "तुया हातानं दाब."

"कोनतं?"

"कोनतंही!"

"कोनतंही म्हंजे कोनतं?"

आमचं हे बोलणं होईस्तोवर ते अक्षर गेलं आणि जुनीच सिस्टिम सुरू झाली. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी लग्नात अंतरपाटच खाली पाडला. दुसऱ्या वेळी बटण त्यानंच दाबलं.

त्या दिवसापासून तो गल्लीचा वैद्य झाला. कुणाचा कॉम्प्युटर हळू चालतो? फॉरमॅट मारू. कुणाचा आवाज येत नाही? फॉरमॅट मारू. म्हणजे आतलं सगळं पुसून टाकायचं आणि त्या सीडीवरून नवी सिस्टिम चढवायची. जुन्या वैद्यांकडं एरंडेल असायचं, तशी याच्याकडं ती सीडी. लोक चहा पाजायचे. हा घरी येऊन मला सांगायचा, "वाचवला." मी म्हणायची, "आपल्या नळाची तोटी कधी वाचवता?"

आता बाबांच्या आवाजाबद्दल सांगायला हवं. त्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी असायची तेव्हा शेवटच्या घरातली बाई टोपलं घेऊन दारात आलेली असायची, असा तो आवाज होता. घरातही तोच. पाणी मागितलं तर चार घरांना कळायचं. माझ्या लग्नात त्यांनी आईच्या कानात हळूच सांगितलं की वरण पातळ झालं, आणि सगळा मांडव हसला. आईचा जन्म त्यांना एकच गोष्ट सांगण्यात गेला, "अजी, हळू बोला." बाबांनी ते कधी ऐकलं नाही. भाजीवाल्यानं हळू बोलून कसं चालेल, असं त्यांचं म्हणणं.

मग त्यांचा घसा बसायला लागला, तो बसलेलाच राहिला. त्यांना आणि आईला आमच्याकडं बोलावून अमरावतीला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, गाठ आहे, साधीच वाटते, पण काढावी लागेल, आणि नंतर आवाज पहिल्यासारखा राहील असं काही सांगता येत नाही. गाठ ऐकून आम्ही घाबरलो. बाबा घाबरले ते दुसऱ्याच गोष्टीला. घरी येऊन ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आवाज नसन त मी गाडीवर काय करू? घंटी वाजवू काय, आइसकिरीमवाल्यावानी?"

नवरा उठून उभा राहिला. अशा वेळी त्याच्या अंगात येतं. "मामाजी, आपन तुमचा आवाज सीडीवर घेऊ."

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ते घेतलं. मे महिना. आवाज येतो म्हणून कूलर बंद, खिडक्या बंद, पंखाही बंद. बाबा घामानं निथळत खुर्चीवर बसले, नवऱ्यानं हेडफोनचा माइक त्यांच्या तोंडापुढं धरला, आणि बाबांच्या तोंडून शब्द फुटेना. वांगी म्हणाले आणि थांबले. पुन्हा वांगी म्हणाले आणि माझ्याकडं पाहिलं.

"बसून कसा वरडू वं? पुढं ढकलाले काई तं पाह्यजे."

मग आम्ही टीपॉय सरकवला, पलंग भिंतीला लावला आणि बाबांच्या हातात प्लॅस्टिकची खुर्ची दिली. ते ती खुर्ची ढकलत खोलीत गोल फिरायला लागले, मागून माइक धरून नवरा, त्याच्या मागून वायर सांभाळत मी. दुसऱ्या फेरीला आवाज लागला. "ये वांगीऽऽ, भेदरंऽऽ, सांबार मेथी पालकऽऽ, ये बरबटीऽऽ!" टमाट्यांना आमच्याकडं भेदरं म्हणतात, कोथिंबिरीला सांबार आणि चवळीच्या शेंगांना बरबटी. घसा बसलेला होता, तरी खिडकीची काच थरथरली. आतून, स्वयंपाकघरातून, आई ओरडली, "अजी, हळू वरडा ना! हे काय अकोला हाये काय? शेजारचे काय म्हनतीन!"

"तू चूप राय वं! माया आवाज पॅक करून राहिले जवाईबापू!" असं म्हणून बाबा जे हसले ते हसतच पुढचं ओरडले.

नवऱ्यानं लगेच ते सीडीवर चढवलं. चढवून मग ऐकलं, कारण आमच्याकडं उलटाच क्रम. सीडीवर आईचं सगळं भांडण आलेलं. आई पदर तोंडाला लावून आत पळाली. नवऱ्यानं तोंड वाकडं केलं, पेन काढलं, सीडीवर 'वाया' लिहिलं आणि ती डब्यात टाकली. मग आईला शेजाऱ्यांकडं बसायला पाठवून त्यानं पुन्हा एकदा आवाज घेतला. हा स्वच्छ आला. बाबा पोरानं शाळेत कविता म्हणावी तसे नीट, ओळीनं भाज्या म्हणाले. तो त्यानं पेनड्राइव्हवर भरून दिला, कारण गाडीवर लावायच्या भोंग्यात सीडी जात नव्हती.

गाठ साधीच निघाली. आवाज मात्र गेला. बाबांच्या घशातून आता नुसती कुजबुज येते, तीही अगदी जवळ बसलं तर ऐकू येते. पण गाडी सुरू राहिली. छताला भोंगा, भोंग्यात पेनड्राइव्ह, खाली बाबा. ते नुसते चालायचे नाहीत, भोंग्याबरोबर ओठही हलवायचे. नव्या गिऱ्हाइकाला कळायचंच नाही. बाई भाव विचारायची, तेव्हा बाबांच्या तोंडून वांगीऽऽ असा आवाज निघायचा आणि हात बोटांनी भाव सांगायचे. आई फोनवर सांगायची, "तुया बापाचं सोंग पाह्यलं काय? लोकं म्हनतात, आवाज तं पह्यल्यापेक्षा खुलला."

असं वर्षभर चाललं. पुढच्या उन्हाळ्यात अकोला तापायला लागलं. बाबा झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीनं दर थोड्या वेळानं मेथीवर, सांबारावर पाणी शिंपडतात. एका दुपारी त्यांनी भोंग्यालाही हात लावून पाहिला, तो चांगलाच तापला होता. त्यांनी त्याच्यावरही पाणी शिंपडलं. एकदा नाही, चांगलं गार होईस्तोवर. भोंगा वाळवल्यावर पुन्हा बोलायला लागला, पेनड्राइव्ह मात्र कायमचा गेला.

बाजारात तयार आवाजाचं कार्ड मिळतं, ते आणून लावलं. त्यातला माणूस कुठला कोण जाणे, हिंदीत ओरडायचा. टमाटर, बैंगन, धनिया, आणि शेवटी ताजे सेब. सेब ऐकून बायका बाहेर यायच्या आणि गाडीवर बरबटी बघून परत जायच्या. पण त्याचं काही नाही. बाबा त्या आवाजाला ओठ हलवत नव्हते. आई फोनवर म्हणाली, "दुसऱ्या कोनाच्या गाडीमागं चालून राहिल्यावानी चालतात वं. खाली मान घालून. घरी आले का भिंतीकडं तोंड करून झोपतात." हे सांगताना तिचा आवाज बारीक झाला होता.

नवऱ्यानं फोन माझ्या हातातून घेतला. "मामीजी, बिलकूल फिकर नोका करू. असल आवाज आपल्या कॉम्प्युटरमधी हाये. आत्ता काढतो."

तो स्टुलावर जाऊन बसला. मी भाकरी टाकत होते. दोन भाकऱ्या झाल्या, तीन झाल्या, समोरच्या खोलीतून काही आवाजच येईना. जाऊन पाहिलं तर तो पडद्याकडं नुसता बघत बसला होता.

"काय झालं?"

"मागच्या महिन्यात मी फॉरमॅट मारला होता."

"कोनाच्या कॉम्प्युटरले?"

"आपल्याच."

"काहून?"

"थोडा हळू चालून राहिला होता."

गल्लीतले सगळे कॉम्प्युटर वाचवून झाले होते, आपलाच राहिला होता. पुसायच्या आधी त्यानं सगळं नीट सीड्यांवर चढवलं होतं. साखरपुडे, भजनं, प्रश्नपत्रिका, सगळं. बाबांचा आवाज तेवढा बाहेरच, पडद्यावरच्याच एका फोल्डरमध्ये होता आणि त्या फोल्डरला नाव दिलेलं नव्हतं. हा समजला रिकामं आहे. त्या दिवशी मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, मी शाळेत शिकवते. पण त्याचं तोंड इतकं उतरलं होतं की अर्ध्यातच माझे शब्द संपले. तो हळूच म्हणाला, "धोंड्याचं वान देल्लं होतं त्याईनं मले. अन् मी त्याईचा आवाजच पुसला."

जेवताना मलाच आठवलं. आई पदर तोंडाला लावून पळाली होती ती कशामुळं? ती सीडी! वाया म्हणून लिहिलेली. आम्ही दोघं एकदमच उठलो. डबा रिकामा होता. गेल्या पावसाळ्यातच बाबा त्यातल्या सीड्या घेऊन गेले होते. म्हणजे जो आवाज आम्ही गावभर शोधत होतो तो त्यांच्याच गाडीवर, त्यांच्या डोक्याच्या वर, सुतळीला लटकत होता. काखेत कळसा म्हणतात तो असा.

रविवारी सकाळच्या बसनं अकोल्याला गेलो. बाबा गल्लीतच होते. भोंगा सेब सेब करत होता. नवऱ्यानं गाडीपुढं उभं राहून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बाबांनी ऐकून घेतलं, भोंगा बंद केला आणि त्याला जवळ बोलावून कुजबुजले, "काय झालं होतं म्हनता कॉम्प्युटरले?"

"थोडा हळू चालत होता, मामाजी."

"मीही आता हळूच चालतो. मलेही मारता काय फॉरमॅट?"

बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि स्वतःच तोरण सोडायला लागले. पण सुतळीच्या गाठी त्यांना सुटेनात, त्या मीच सोडल्या.

सीड्यांची दशा बघण्यासारखी होती. वाया ही अक्षरं पावसानं धुतलेली, त्यामुळं सगळ्या सारख्याच वाया. वरून धूळ. आणि चकाकत्या बाजूला प्रत्येकीच्या भोकालगत कुंकवाचा टिळा. दसऱ्याला गाडीची आणि तराजूची पूजा करताना आईनं सीड्यांनाही कुंकू लावलं होतं, आणि लावायचं ते सुलट्या बाजूला लावावं म्हणून चकाकत्या बाजूला लावलं होतं. लिहिलेलं असतं ते नेमकं त्याच बाजूनं वाचायचं असतं, हे तिला कोण सांगणार! आता आपल्यामुळं काहीतरी बिघडलं हे तिला समजलं आणि ती राखुंडी आणि काथ्या घेऊन आली. "आन्, घासून देतो लख्ख."

"नोकाऽऽ!" नवरा असा ओरडला की बाबांनी चमकून त्याच्याकडं पाहिलं.

शेवटी तिनं जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यानं, नवरा सांगेल तशा, मधून बाहेरच्या बाजूला हलक्या हातानं पुसल्या. कुंकू पूर्ण गेलं नाही. आई गाडीपाशी थांबली आणि बाबा आमच्यासोबत निघाले. तोरण माझ्या मांडीवर. मूर्तिजापूरच्या थांब्यावर कंडक्टरनं विचारलं, "बाई, हे काय? देवाचं हाये काय?" मी काही बोलायच्या आत नवरा म्हणाला, "बॅकअप हाये." कंडक्टरनं मान डोलावली. देवाचंच असेल असं त्याला वाटलं असावं.

घरी आल्यावर बाबा स्टुलाशेजारी त्याच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले आणि एकेक सीडी आत जायला लागली. नवऱ्याच्या सगळ्या चुका ओळीनं बाहेर आल्या. साखरपुड्याची नवरी, अंगठीसाठी बोट पुढं केलेलं, आणि पुढं काहीच नाही. माझी परिसर अभ्यासाची अर्धी प्रश्नपत्रिका. डब्यासकट तळलेल्या त्या सिस्टिमच्या सीड्या. काही तर ड्राइव्हनं नुसत्या घरघर करून बाहेर टाकल्या. कडेच्या, उन्हाकडच्या सगळ्याच तशा निघाल्या. ढीग कमी होत गेला तशी बाबांची नजर ढिगावरून हलेना. मी मनात देवाला म्हणत होते, एवढी एक वाचू दे, याच्यापुढं मी मिक्सरच लावणार नाही.

छताच्या आतल्या बाजूला, तराजूच्या वर, सावलीत लटकलेल्या दोन-तीन शेवटी उरल्या होत्या. त्यातली एक आत गेली. ड्राइव्ह खडखडला, थांबला, पुन्हा फिरला. मग मधूनच, सुरुवात तुटलेली, स्पीकर फाडून आवाज आला, "...दरंऽऽ, सांबार मेथी पालकऽऽ!"

बाबांचे ओठ हलले. त्यांना ते माहीतही नव्हतं. मी भिंतीला टेकून रडले, नवऱ्यासमोर, बापासमोर, काही लाज वाटली नाही. तेवढ्यात स्पीकरमधून आई ओरडली, "अजी, हळू वरडा ना!" आणि बाबा हसले. स्पीकरमधले मोठ्यानं, खुर्चीतले आवाजाविना, खांदे हलवत. डोळ्यांतून पाणी गळत होतं दोन्हीकडून.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि मिक्सरचा प्लग काढून ठेवला. नवऱ्यानं तो आवाज नव्या पेनड्राइव्हवर घेतला, वाणातल्या उरलेल्या दोन सीड्यांवर चढवला, आणि एक सीडी शेजाऱ्यांकडं ठेवायला दिली. त्यांच्या साखरपुड्याची अर्धी त्याच्याकडं होती, म्हणून ते नाही म्हणाले नाहीत. मग तो बाबांना म्हणाला, "मामाजी, मामीजींचं बोलनं मधून कापून देतो. साफ होऊन जाईन."

बाबांनी त्याचा हात धरला. कुजबुजले, "राहू द्या."

पुढच्या आठवड्यात आईचा फोन आला तो कडाडतच. सगळ्या अकोल्यात तिची अब्रू निघाली होती. गाडी गल्लीत शिरली की सांबार, मेथी, पालक, आणि लगेच तिचं भांडण. पोरं आधीच कोरसमध्ये म्हणायची, अजी, हळू वरडा ना! बायका भाजी घेता घेता तिला विचारायच्या, काय म्हनतात शेजारचे? "जवाईबापूले म्हना, कापून टाका म्हनाव ते. लाज नाई काय तुमाले कोनाले?" मी म्हटलं, बाबांनाच सांग. ती म्हणाली, सांगून राहिली न रोजच, आयकतात काय ते?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चार दिवस अकोल्याला होते. सकाळी बाबांनी गाडी काढली, भोंगा लावला, ओठ हलवत निघाले. आई आणि मी दारात उभ्या होतो. आवाज गल्लीतून लांब लांब जात राहिला, वळणापाशी बारीक झाला. मला वाटलं आता आई आत जाईल, कणीक तिंबायची होती. ती आत गेली नाही. चपला न घालता रस्त्यावर उतरली आणि हात तोंडाशी धरून ओरडली, "अजी! वाढवा ना आवाज! आयकू नाई येऊन राहिला!"

बाबांनी मागं पाहिलं नाही. नुसता हात वर करून भोंग्याचं बटण पिळलं, आणि वळणावरून, पहिल्यापेक्षा कितीतरी मोठ्यानं, तिचाच आवाज आला, "अजी, हळू वरडा ना!"